तेविसावा अध्याय

मराठी वर्तमानपत्रात देवदूत आठवड्यातून एकदा तरी भेटतोच. पुरात दोर टाकून चौघांना ओढून काढणारा पोरगा, ब्रेक निकामी झालेली एसटी घाटात डोंगराला टेकवून थांबवणारा चालक, मध्यरात्री दवाखाना उघडणारा डॉक्टर. मथळ्यात हे सगळे 'देवदूत ठरले' असतात. हा शब्द आपल्याकडे इतका माणसाळला आहे की देवदूत म्हटले की मदतच डोळ्यांपुढे येते. तो धावून येतो. आला की कुणाची छाती फोडत नाही.

म्हणून 'द प्रॉफसी' हा १९९५ सालचा अमेरिकन सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जरा हबकलोच. त्यात क्रिस्टोफर वॉकेन गॅब्रिएल झाला आहे. मरियेला येशूच्या जन्माची बातमी देणारा तो हाच; इस्लामी परंपरेत जिब्रील या नावाने पैगंबरांकडे कुराण घेऊन आला तोही हाच. सिनेमातला गॅब्रिएल मात्र काळा लांब कोट घालतो, खुर्चीच्या पाठीवर गिधाडासारखा उकिडवा बसतो, माणसांना बोलणारी माकडे म्हणतो, आणि एका मेलेल्या फौजी अधिकाऱ्याचा आत्मा हवा म्हणून ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या शाळकरी मुलीच्या मागे लागतो. स्वर्गात दुसरे युद्ध पेटले आहे, दोन्ही बाजू अडून बसल्या आहेत आणि कोंडी फोडायला एक क्रूर डोके हवे आहे. ते देवदूतांकडे नाही. ते माणसाकडून उसने घ्यावे लागते. ही कल्पना मला अजूनही झकास वाटते.

त्या सिनेमात बायबलची एक प्राचीन प्रत सापडते आणि तिच्यात 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाला एक जादा अध्याय असतो, तेविसावा. खऱ्या प्रकटीकरणाचे अध्याय २२. शिवाय बाविसाव्याच्या अखेरीला स्पष्ट तंबी आहे, की या पुस्तकात जो भर घालील त्याच्यावर यात लिहिलेल्या पीडा येतील. लेखक-दिग्दर्शक ग्रेगरी वायडनने ती तंबी वाचली असणारच. तरी त्याने भर घातली.

या जातीचे सिनेमे आणि मालिका पुढे पाहत गेलो तसे ध्यानात आले, की हा एकट्या वायडनचा आगाऊपणा नाही. 'कॉन्स्टंटीन' (२००५) मध्ये नरकात वापरले जाणारे वेगळे बायबल आहे आणि त्यातल्या करिंथकरांच्या पत्राचा सतरावा अध्याय कथेला कलाटणी देतो. बायबलातले पहिले करिंथ पत्र सोळाव्या अध्यायाला संपते. 'लीजन' (२०१०) मध्ये मायकेल या देवदूताच्या अंगभर अगम्य अक्षरे गोंदलेली आहेत आणि पुढे काय करायचे ते त्यांत लिहिलेले आहे. 'सुपरनॅचरल' या मालिकेत तर चक शर्ली नावाचा, सदा घरच्या झग्यात वावरणारा, दारूबाज लेखक स्वस्त कादंबऱ्या पाडतो आणि देवदूत येऊन सांगतात, की या पुढे धर्मग्रंथ म्हणून वाचल्या जातील. प्रत्येकाला मूळ पोथीला एक पान जोडायचे आहे. पुढच्या प्रकरणांत एकेक कलाकृती सविस्तर येईलच. इथे मला बोलायचे आहे ते या जोडपानाबद्दल: बाविसाव्या अध्यायावर थांबणे या लोकांना का जमत नाही?

त्यासाठी आधी ते बावीस अध्याय पाहावे लागतात. इंग्रजीत 'अपोकॅलिप्स' या शब्दाचा अर्थ आता सर्वनाश असाच उरला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाकण काढणे, पडदा सारणे. मराठी बायबलने 'प्रकटीकरण' म्हणून तो अचूक पकडला. हे पुस्तक साधारण इसवी सन ९५ च्या सुमाराला, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणारा योहान एजियन समुद्रातल्या पाटमोस बेटावर होता. पत्ता होता आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या सात मंडळ्यांचा: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. या मंडळ्या चिमुकल्या होत्या आणि सम्राटाला देव मानणाऱ्या शहरांत राहत होत्या. त्यांना योहान सांगतो, की सात टेकड्यांवर बसलेली ती बाई, जिला तो बाबेल म्हणतो, कोसळणार आहे. सात टेकड्यांचे शहर म्हणजे रोम, हे ओळखायला त्या वाचकांना टीप लागत नव्हती.

मग सात शिक्के फुटतात, सात कर्णे वाजतात, सात वाट्या ओतल्या जातात. पांढऱ्या, तांबड्या, काळ्या आणि फिकट घोड्यांवरचे चार स्वार निघतात. फरात नदीपाशी बांधून ठेवलेले चार देवदूत मोकळे होतात आणि एक तृतीयांश माणसे मारली जातात. बाराव्या अध्यायात मीखाएल, म्हणजे इंग्रजीतला मायकेल, अजगराशी लढतो आणि त्याला स्वर्गातून खाली लोटतो. हे सगळे भयंकर आहे, पण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या लेखी ही आनंदाची वार्ता होती. पुस्तकाच्या शेवटी डोळ्यांतले अश्रू पुसले जातात, मरण राहत नाही, नवे नगर उतरते, आणि शेवटची विनवणी प्रभूने लवकर यावे अशी आहे. शेवट टळावा अशी प्रार्थना त्या बावीस अध्यायांत कुठेही नाही.

थरारपटाने नेमके हे फिरवले. त्याच्या लेखी जगबुडी म्हणजे टिकटिकणारा बाँब. नायकाचे काम ती घटका चुकवायची. 'एंड ऑफ डेज' (१९९९) मध्ये अरनॉल्ड श्वार्झनेगर सैतानाशी दोन हात करतो ते ३१ डिसेंबरची मध्यरात्र टळावी म्हणूनच. (६६६ उलटे केले की ९९९ आणि त्याच्यामागे एक लावला की १९९९, असले गणित त्या सिनेमात पूर्ण गांभीर्याने मांडले आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.) पाटमोसच्या योहानाला हा नायक दाखवला असता तर त्याने त्याला कुठल्या बाजूला उभे केले असते? माझ्या मते अजगराच्या. आपल्या खुर्चीत पॉपकॉर्न खात बसलेल्याला जग आहे तसे चालू राहायला हवे असते. ज्याला सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप जाळायला भाग पाडले जात होते त्याला ते नको होते. हा फरक श्रद्धा-अश्रद्धेचा कमी आणि कोण कुठे बसून कथा ऐकतो याचा जास्त आहे.

अर्थात बाविसाव्यावर थांबणारेही आहेत, आणि त्यांची विक्री या सगळ्यांहून मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने अंतकाळाचे एक काटेकोर वेळापत्रक मांडले: आधी खरे विश्वासणारे एका क्षणात उचलले जातील, मग मागे राहिलेल्यांवर संकटाची सात वर्षे, मग ख्रिस्ताचे आगमन. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसह छापलेल्या बायबलने हे वेळापत्रक अमेरिकेत घरोघर नेले. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही १६ कादंबऱ्यांची माळ (१९९५ ते २००७) त्यावरच उभी आहे आणि तिच्या साडेसहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्या कादंबऱ्यांत विमाने कोसळतात, हेरगिरी होते, गोळीबार होतो, पण शेवट कुणी थांबवू पाहत नाही. तो ठरल्या वेळीच येतो. म्हणून त्या वाचताना मला थरार असा वाटलाच नाही; रेल्वेचे टाइमटेबल वाचताना गाडी येईल की नाही याची धाकधूक कुठून असणार? एक मात्र कबूल करायला हवे. मूळ पोथीशी इमान राखले ते यांनीच.

आता मारामारीकडे येतो, कारण हा प्रकार शेवटी मारामारीचा आहे. देवदूत सैनिक असणे हा हॉलिवूडचा शोध नव्हे. 'दूत' हाच हिब्रू 'मलआख' आणि ग्रीक 'अँगेलोस' या दोन्ही शब्दांचा सरळ अर्थ आहे, पण या दूताकडे दिलेली कामे पाहिली तर निरोप्या हा हुद्दा अपुरा वाटतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक देवदूत एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० लोक मारतो. बायबलात देवदूत दिसला की त्याचे पहिले वाक्य बहुधा भिऊ नका असे असते, यातच सगळे आले. आणि हनोखाच्या पुस्तकात, जे बहुतेक चर्चनी बाहेर ठेवले पण इथियोपियाच्या चर्चने गीझ भाषेत जपले, हर्मोन डोंगरावर २०० देवदूत उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्ने करतात, आणि त्यांतला अजाजेल माणसांना तलवारी, ढाली आणि चिलखते घडवायला शिकवतो. शस्त्रविद्या आपल्याला पळून आलेल्या देवदूतांनी दिली, असे ते पुस्तक म्हणते. त्याच शिकवणीत डोळ्यांत काजळ घालणेही आहे.

डोळ्यांना हे युद्ध पहिल्यांदा धडपणे दाखवले आल्ब्रेख्ट ड्यूररने. १४९८ साली, शतक उलटायला दोन वर्षे उरलेली असताना, त्याने न्यूरेंबर्गमध्ये प्रकटीकरणावरची १५ काष्ठचित्रे स्वतःच छापून विकली. त्यातले चार स्वार एकमेकांना खेटून, तिरके, चौकटीतून बाहेर निसटतील असे दौडत येतात आणि खाली टापांत सापडलेल्यांत मुकुटवालाही आहे. मीखाएलच्या चित्रात वर भाला अजगराच्या गळ्यात घुसतो आहे आणि खाली शांत गाव, झाडे, पाणी. त्या गावाला वर काय चालले आहे याचा पत्ताच नाही. पाचशे वर्षांनंतरच्या प्रत्येक पोस्टरने ड्यूररचे वरचे अर्धे उचलले. खालचे अर्धे फार थोड्यांना दिसले.

पण देवदूतांच्या लढाईत एक मूळचीच खोट आहे आणि ती पहिल्यांदा नडली जॉन मिल्टनला. 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली आले. मिल्टन क्रॉमवेलच्या राजवटीत परराष्ट्र व्यवहाराचा लॅटिन लेखनिक होता, काम करताकरता १६५२ पर्यंत पूर्ण आंधळा झाला, राजेशाही परतल्यावर तुरुंगात जाऊन आला आणि मग हरलेल्या बंडाचे महाकाव्य त्याने तोंडी सांगून लिहवून घेतले. त्याच्या सहाव्या सर्गात स्वर्गातले युद्ध आहे. मायकेलच्या तलवारीने सैतान चिरला जातो, त्याला आयुष्यात पहिल्यांदा वेदना कळते, आणि जखम लगेच भरून येते. येणारच, देवदूत मरत नाहीत! दुसऱ्या दिवशी बंडखोर तोफांचा शोध लावतात. उत्तर म्हणून निष्ठावंत देवदूत डोंगर उपटून फेकतात. तोफांना डोंगर, डोंगरांना डोंगर, आणि कुणीच मरत नाही. दोन दिवस हे चालते. तिसऱ्या दिवशी पुत्र रथात बसून येतो आणि एका झटक्यात सगळे संपते. मिल्टनच्या भक्तांनी मला माफ करावे, पण ही लढाई वाचताना मला लहान मुलांचे 'मी तुझ्यावर बाँब टाकला, मी तुझ्यावर दोन टाकले' आठवते. ज्याला मरण नाही त्याच्याबद्दल काळजी कशी वाटणार?

या अडचणीतून वाट कशी काढली, यावर मी या प्रकारातल्या प्रत्येक कलाकृतीची पारख करतो. 'द प्रॉफसी'चा उपाय सरळ आणि किळसवाणा आहे: देवदूताचे काळीज उपटले की तो संपतो. 'लीजन'मध्ये मायकेल पृथ्वीवर उतरताच स्वतःचे पंख कापून टाकतो, म्हणजे आता तो रक्ताळेल, थकेल, मरेल. मग तो बंदुका गोळा करतो आणि मोहावे वाळवंटातल्या 'पॅरडाइज फॉल्स' नावाच्या एका रस्त्याकडेच्या खाणावळीत मोर्चा लावतो. हा सिनेमा तसा बेताचाच. छतावर सरपटत चढणारी, चाके लावलेल्या चौकटीचा आधार घेत आत आलेली म्हातारी सोडली तर भीतीही बेताची. पण ती खाणावळ मला पटते. दिवाळखोरीला आलेला मालक, त्याचा मुलगा, नको असलेले मूल पोटात घेऊन बशा उचलणारी पोरगी. जगाचा शेवट रोमऐवजी अशा ठिकाणी ठरावा, ही कल्पना स्वस्त निर्मितीतून आली असली तरी पोथीच्या जवळची आहे.

'कॉन्स्टंटीन'ने मरणाचा प्रश्न देवदूतावरून माणसावर ढकलला. नायकाला फुप्फुसाचा कर्करोग आहे, दिवसाला तीस सिगारेटी ओढल्याचे फळ. लहानपणी आत्महत्येचा प्रयत्न केल्यामुळे त्याची नरकात जागा ठरलेली आहे आणि ती रद्द व्हावी म्हणून तो भुते हाकलत फिरतो. म्हणजे पुण्य नाही, हप्ते फेडणे. मूळ कॉमिकमधला जॉन कॉन्स्टंटीन १९८५ साली ॲलन मूर, स्टीफन बिसेट आणि जॉन टोटलबेन यांनी घडवला; तो लंडनच्या धुक्यात वावरणारा इंग्रज आहे. सिनेमाने त्याला लॉस एंजेलिसला नेले, म्हणून चाहते चिडले. पण त्या शहराचे नावच 'देवदूत' असल्यावर तिथे कधीतरी जावेच लागणार होते. सिनेमाचे खरे वैभव टिल्डा स्विंटनचा गॅब्रिएल. तो धड पुरुष नाही, धड बाई नाही, आवाज थंड, आणि तर्क बिनचूक: माणसे संकटातच उदात्त होतात, म्हणून त्यांच्यावर सैतानाच्या पोराला, मॅमनला, सोडावे. क्षमा फुकट मिळते याचा त्याला राग आहे. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे नोकरी केलेल्या माणसाला, गैरहजेरी लावणाऱ्यालाही तोच बोनस मिळाल्यावर जसा येतो तसा. आणि त्याचा बेत उधळतो कोण, तर स्वतः सैतान. 'द प्रॉफसी'तही गॅब्रिएलचा काटा ल्युसिफरच काढतो. त्याला दुसरा नरक, म्हणजे आपल्या धंद्याला स्पर्धा, नको असते.

या सगळ्यांत एक पात्र हजर नाही, हे एव्हाना कळले असेल. देव कुठे आहे? 'द प्रॉफसी'त तो गॅब्रिएलशी बोलेनासा झाला आहे. 'लीजन'मध्ये तो माणसांना कंटाळला आहे आणि हुकूम सोडून गप्प बसला आहे. साहेब दालनात नाही, फाइली साचल्या आहेत आणि दोन हेडक्लार्क, साहेबांना खरे काय हवे होते यावरून हातघाईवर आले आहेत. देवदूतांचा थरारपट इथून सुरू होतो. 'लीजन'च्या शेवटी मायकेल आणि गॅब्रिएल यांच्यात जो वाद आहे तो याच मुद्द्यावर: हुकूम मानला म्हणजे सेवा झाली, की मालकाला ज्याची गरज आहे ते द्यावे, त्याने मागितलेले नसले तरी?

आपल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली अजामिळाची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा दोन खात्यांच्या दूतांचीच आहे. मरणाच्या दारात अजामिळ धाकट्या मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारतो. यमदूत पाश घेऊन आलेले असतात, तेवढ्यात विष्णुदूत येऊन त्यांना अडवतात. एका आत्म्यासाठी अशी ओढाताण 'द प्रॉफसी'तही आहे, पण भागवतात पुढे जे होते ते हॉलिवूडला सुचणार नाही. अपमानित यमदूत परत जाऊन यमाला विचारतात, की या जगाला शासन करणारे आहेत तरी किती? आम्ही कुणाचे ऐकायचे? आणि यम त्यांना उत्तर देतो. शांतपणे, समजावून सांगतो, की माझ्यावरही एक आहे, आणि त्याचे नाव घेणाऱ्याच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. तक्रार ऐकली जाते, खुलासा मिळतो, दूत कामाला लागतात. साहेब दालनात असले की थरार संपतो आणि कीर्तन सुरू होते.

दालन रिकामे असल्याचा सर्वात लांब आणि माझ्या मते सर्वात चांगला हिशेब 'सुपरनॅचरल'ने मांडला. एरिक क्रिपकीने सुरू केलेली ही मालिका सप्टेंबर २००५ ते नोव्हेंबर २०२० अशी १५ पर्वे, ३२७ भाग चालली. आधी ती नुसती भुतांची होती. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ, १९६७ ची काळी शेव्हरोले इम्पाला, डिकीत मीठ आणि बंदुका, गावोगावची भुते. चौथ्या पर्वात, २००८ साली, चुरगळलेला रेनकोट घातलेला कॅस्टिएल हा देवदूत एका गोदामात शिरतो. गोळ्या, सुरी, कशाचा परिणाम होत नाही. विजा चमकतात आणि भिंतीवर फक्त पंखांची सावली पडते. पंख दाखवलेच नाहीत. टीव्हीच्या पैशांत ते बरे दिसले नसते असे मी धरून चालतो, आणि त्या गरिबीचे आभार मानतो. पुढे देवदूत मरतो तेव्हाही जमिनीवर जळालेल्या पंखांचा काळा ठसा तेवढा उरतो.

मिल्टनच्या अडचणीवर या मालिकेने काढलेला तोडगा मला सर्वात हुशार वाटतो. देवदूताला पृथ्वीवर वावरायला माणसाचे शरीर लागते आणि ते परवानगीशिवाय घेता येत नाही. त्या माणसाने 'हो' म्हणायलाच हवे. मायकेलला डीन हवा, ल्युसिफरला सॅम. म्हणजे पाचव्या पर्वात जगाचा शेवट अडून राहतो तो दोन भावांच्या होकारावर, आणि अख्ख्या स्वर्गाची ताकद त्या एका शब्दासाठी दबाव, लालूच, ब्लॅकमेल करत राहते. शेवटचे युद्ध कॅन्ससमधल्या एका ओसाड कबरस्तानात होते आणि ल्युसिफरने व्यापलेला सॅम शुद्धीवर येतो ते तलवारीने नव्हे. लहानपणी गाडीच्या ॲशट्रेत त्याने कोंबलेला प्लॅस्टिकचा शिपाई त्याला दिसतो म्हणून. तिथेच मालिका संपायला हवी होती. ती आणखी दहा पर्वे रेटली, त्यात पाणी फार. पण शेवटच्या पर्वापर्यंत थांबलेल्याला एक गोष्ट मिळते. झग्यातला तो लेखक चक हाच देव निघतो, आणि त्याला या भावांनी एकमेकांना मारावे असे वाटत असते, कारण तसा शेवट जास्त चांगला होईल. तेविसावा अध्याय लिहिणाऱ्यावर त्याची पात्रे उलटली.

जपानकडे एक नजर टाकायलाच हवी, कारण देवदूताला माणसाचा चेहराच नाकारण्याचे धाडस तिथे झाले. हिदेआकी आन्नोच्या 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' (ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ भाग) या ॲनिमे मालिकेत देवदूत एकामागून एक तोक्यो-३ या शहरावर चालून येतात. कुणी राक्षसी सांगाडा, कुणी तरंगणारा निळा अष्टफलक, कुणी नुसती सावली. त्यांना काय हवे ते कळत नाही आणि त्यांच्याशी लढायला चौदा वर्षांची भेदरलेली पोरे यंत्रमानवसदृश धुडांत बसवली जातात. गंमत अशी की जपानीत त्यांना 'शितो' म्हटले आहे, म्हणजे प्रेषित. 'एंजल' हे इंग्रजी भाषांतरातले. तरी बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या, डोळ्यांनी भरलेल्या चाकांजवळ मला वॉकेनच्या कोटापेक्षा तो निळा अष्टफलक जास्त वाटतो.

आपल्याकडे ही जात का रुजली नाही, असा प्रश्न वाचक विचारील. सामग्रीची वाण नाही. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल म्हणजे पतित देवदूतच; पण ल्युसिफर पडला तो कायमचा, हे दोघे पडतात ते तीन जन्मांच्या बोलीवर. भक्त म्हणून सात जन्म की शत्रू म्हणून तीन, असा पर्याय मिळतो आणि ते लवकर घरी परतता यावे म्हणून शत्रुत्व निवडतात. बंडाचीही मुदत ठरलेली. घड्याळाचे तर विचारूच नका. कलियुग ४,३२,००० वर्षांचे आणि परंपरेच्या हिशेबाने ते सुरू झाले इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. बाँबवरचा आकडा चार लाख सत्तावीस हजार वर्षे दाखवत असेल तर कुठली वायर कापायची, लाल की निळी, याची घाई कुणाला? 'कल्की २८९८ एडी' (२०२४) या तेलुगू सिनेमाने तारीख अलीकडे ओढून पाहिली, यातच अडचण कुठे आहे ते दिसते. मराठीत नारायण धारपांनी 'समर्थ' उभा केला तेव्हा त्याच्यापुढे अमानवी शक्ती होती, पण ती एका घरावर, एका माणसावर चालून येणारी. जग वाचवायचे ओझे धारपांनी त्याच्यावर टाकले नाही, आणि कथा त्यामुळेच वाड्याच्या जिन्याइतक्या जवळच्या राहिल्या.

मात्र ल्युसिफर मराठीला परका आहे, असे कुणी म्हणू नये. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला, आज ज्याला राशोल म्हणतात तिथे, रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. त्यातल्या पहिल्या पुराणात देवदूतांची निर्मिती आहे आणि त्यांतल्या गर्विष्ठांचे पतनही आहे. मिल्टनचे महाकाव्य तेव्हा ५१ वर्षे दूर होते. स्वर्गातले बंड इंग्रजीत गाजण्याच्या आधी एका इंग्रजाने ते साष्टीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी मराठीत गायला दिले, ही गोष्ट आपल्या शाळांत का सांगत नाहीत ते मला कळलेले नाही.

आणि अंताची वाट पाहणारी माणसेही इथे आहेत, मराठी बोलणारी. कोकणातले बेने इस्राएल यहुदी एलियाहू हनाबीला, एलिया संदेष्ट्याला, फार मानतात. एलिया मेला नाही. अग्नीच्या रथातून वर गेला. मसीहा यायच्या आधी तोच पुन्हा येऊन वर्दी देईल. नंतरच्या यहुदी गूढ परंपरेने त्याला थेट सँडलफोन नावाचा देवदूतच करून टाकले. अलिबागजवळ खंडाळा नावाचे गाव आहे (घाटातला खंडाळा नव्हे). तिथल्या एका खडकावर, जाताना एलियाच्या रथाची चाके घासली त्याच्या खुणा आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक तिथे जातात. गूळखोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा करतात, फळे मांडतात, एलियाहूचे नाव घेतात. खडकावर एवढीच खूण आहे, चाक घासून गेल्यासारखी.